रौद्ररसाची एक ध्वनिमुद्रिका : ‘मास्टर ऑफ पपेट्स’चें रसग्रहण

कोणत्याहि कलेविषयीं मत देण्यापूर्वीं ती कला समजून घ्यावी, हा नियम आम्हीं शाळेंत तीसाहून अधिक वर्षें मुलांना सांगितला. परंतु तो नियम स्वतःस लावून घेण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं आला, आणि त्या परीक्षेंत आम्ही प्रथम सपशेल नापास झालों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमच्या पुतण्याचा मुलगा अकरावींत आहे. लहानपणापासून तो तबला शिकतो. त्याच्या खोलींतून कांहीं दिवस एका पाश्चात्य वाद्यवृंदाचा असा घोष ऐकूं येऊं लागला कीं, माजघरांतल्या मंडळींना एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. त्यांतच सूनबाईंनीं कोठेंसें वाचलें कीं, त्यांतील मुख्य गाणें कोकेन नांवाच्या मादक द्रव्याविषयीं आहे. झालें! घरांत एकच चिंता पसरली, आणि निवाड्याचें काम वडीलपणाच्या नात्यानें आमच्याकडे आलें. आम्हीं एक ओळहि न ऐकतां “हें आजपासून बंद” असा हुकूम सोडून मोकळे झालों.

मुलगा उलट बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही म्हणतां तर लावणार नाहीं. पण एकदां नुसत्या मात्रा मोजून पाहा. मला चौथ्या आवर्तनांत जमत नाहीं. तुम्हांला जमतात का बघा.” शिक्षकाच्या जातीला याहून पक्का सापळा लावतां आला नसता. आम्ही मांडीवर हात ठेवून मोजूं लागलों. चार चार मात्रांचीं तीन आवर्तनें बिनचूक आलीं. चौथ्या वेळीं हात हवेंतच राहिला आणि सम आधींच येऊन गेली. पुन्हा मोजलें, पुन्हा तेंच. जो गोंगाट म्हणून आम्हीं हद्दपार केला होता त्यांत एक हिशेब होता, आणि तो हिशेब आम्हांला चुकवीत होता. त्या चुकलेल्या समेपासून या लेखाचा जन्म आहे.

ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं हें लिहीत आहों तिचें नांव ‘मास्टर ऑफ पपेट्स’, म्हणजे ‘कळसूत्री बाहुल्यांचा धनी’. ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ही तिसरी ध्वनिमुद्रिका ३ मार्च १९८६ रोजीं प्रसिद्ध झाली. तींत आठ रचना असून त्या सर्व मिळून सुमारें पंचावन्न मिनिटें चालतात. वादक चार, आणि त्या दिवशीं चौघांपैकीं एकानेंहि वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं केलेलीं नव्हतीं. जेम्स हेटफील्ड हा गातो आणि तालाची गिटार वाजवतो. त्याची आई स्वतः गायिका होती आणि तो सोळा वर्षांचा असतांनाच ती वारली. लार्स उलरिक हा मूळचा डेन्मार्कचा, नामांकित टेनिसपटूचा मुलगा. तो टेनिसच्याच शिक्षणासाठीं अमेरिकेस आला आणि ड्रमवादक होऊन बसला. कर्क हॅमेट हा सॅन फ्रान्सिस्कोचा. मुख्य गिटारीवरील स्वरविलास त्याचा, आणि त्यासाठीं त्यानें जो सॅट्रियानी या निष्णात वादकापाशीं धडे घेतले होते. चौथा क्लिफ बर्टन. त्याच्या हातीं खर्जाची गिटार, जिला बास म्हणतात, ती होती. त्याच्याविषयीं पुढें स्वतंत्रपणें लिहावें लागेल.

हे ज्या पंथाचे वादक त्यास ‘थ्रॅश मेटल’ असें म्हणतात. थ्रॅश म्हणजे झोडपणें. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, मुख्यतः कॅलिफोर्नियांतील तरुण मुलांनीं इंग्लंडमधील ‘हेवी मेटल’ संगीताची घडण घेतली, तींत ‘हार्डकोर पंक’ या उतावळ्या संगीताची गति मिसळली, आणि हा नवा प्रकार उभा राहिला. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ व न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स हे त्यांतले चार मोठे वाद्यवृंद समजले जातात. नांव ऐकून वाटेल कीं, येथें फक्त झोडपणेंच असणार. आम्हांलाहि तसेंच वाटलें होतें.

परंतु आपल्याच शास्त्राकडे वळून पाहिलें तर या संगीताला मुळांतच नाकारण्याचा अधिकार आपणांस नाहीं असें दिसेल. भरतमुनींनीं जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगार, हास्य, वीर व अद्भुत आहेत, तसे करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स हेहि आहेत. वेणीसंहारांतला भीम रक्तानें माखलेल्या हातांनीं द्रौपदीची वेणी घालण्याची प्रतिज्ञा करतो. मालतीमाधवाच्या पांचव्या अंकांत भवभूति आपल्याला थेट स्मशानांत नेऊन उभें करतो. तीं नाटकें आम्हीं वर्गांत मोठ्या आवडीनें शिकवलीं आणि कोणत्याहि पालकानें तक्रार केली नाहीं. म्हणजे आमची हरकत रौद्रास किंवा भयानकास नव्हती, तर तो रस अपरिचित वाद्यांतून आल्यास होती. रस कोणता हा प्रश्न गौण आहे. तो रचनेंतून निष्पन्न झाला आहे कीं नुसत्या आरडाओरडीनें अंगावर फेकला आहे, हाच खरा प्रश्न. त्याच कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका घासून पाहूं.

प्रथम वाद्याचा विचार करूं. विजेच्या गिटारीचा नाद येथें मुद्दाम विद्रूप करून मोठा केलेला असतो. असा विद्रूप नाद मूळ स्वरांखेरीज त्यांच्या कंपनांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या कंपनांनाहि जन्म देतो. त्यामुळें षड्ज व गांधार एकत्र छेडले तर गढूळपणा येतो. उलट षड्ज व पंचम छेडले, तर त्यांच्या कंपनांचें प्रमाण दोनास तीन इतकें साधें असल्यामुळें नाद स्वच्छ राहतो; इतकेंच नव्हे तर तीनांतून दोन वजा जाऊन उरलेला एक, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्ज, न वाजवतांच कानीं पडतो. म्हणून या संगीताचा सारा डोलारा षड्ज-पंचमाच्या जोडीवर उभा आहे. ज्या घरांत तंबोरा लागतो त्या घराला ही जोडी परकी वाटण्याचें कारण नाहीं. तिच्यावर हे वादक कोमल ऋषभ व तीव्र मध्यम यांसारखे बेचैन करणारे स्वर पेरतात, आणि भयानकाचा परिपोष होतो तो मुख्यतः त्या स्वरांनीं. नुसत्या मोठ्या आवाजानें नव्हे.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. तळहाताची कड तारांच्या मुळाशीं टेकवून हेटफील्ड नाद अर्धवट दाबतो; त्यामुळें प्रत्येक आघात कोरडा, तुटक आणि घणासारखा पडतो. सतारीवर ज्याप्रमाणें ‘दा’ आणि ‘रा’ असे दोन दिशांचे बोल असतात, त्याप्रमाणें गिटारीवरहि वरून खालीं व खालून वर असे दोन्ही आघात करतां येतात, आणि जलद लयींत कोणीहि दोन्हींचा उपयोग करून श्रम वांचवील. या वादकाची प्रसिद्धि अशी कीं, तो मुख्य गाण्यांत जवळजवळ सर्व आघात वरून खालींच करतो. त्या गाण्याची लय मिनिटास दोनशेंहून अधिक मात्रांची आहे आणि दर मात्रेस दोन आघात आहेत. म्हणजे सेकंदास सुमारें सात आघात, सर्व एकाच दिशेचे, आणि तेहि साडेआठ मिनिटांच्या रचनेंत. वर-खालीं असा हात चालवला तर एक आघात जोराचा व एक हलका पडतो. एकाच दिशेनें चालवला तर सर्व सारख्या वजनाचे पडतात. ज्या अढळ, निर्दय समतेमुळें ऐकणाऱ्याच्या छातीवर दडपण येतें ती अशी मनगटाच्या तपश्चर्येनें साधलेली आहे. आमच्या मुलानें तबल्यावर हा ठेका नुसता धरून पाहिला. दोन मिनिटांत त्याचा हात भरून आला.

आतां त्या मुख्य गाण्याकडे वळूं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या नांवाचेंच तें दुसरें गाणें आहे. आरंभीं कांहीं तुटक आघात होतात आणि मग जाड उघड्या तारेवर सतत ठोका चालू राहून तिच्यावरची दुसरी ओळ अर्ध्या अर्ध्या स्वरानें खालीं उतरत जाते, जणूं पायाखालची पायरी एकेक करून निसटावी. पुढें कडव्यांना सुरुवात होते आणि तेथेंच आमची सम चुकली होती. तीन आवर्तनें चार चार मात्रांचीं. चौथें मात्र सुमारें अडीच मात्रांवर तोडलेलें. अपूर्णांकी मात्रांचे ताल आपल्या तबलावादकांस ठाऊक आहेत, पण तेथें श्रोत्याला आधीं ताल समजावून मग त्याच्याशीं खेळ केला जातो. येथें श्रोता चौथ्या आवर्तनांत आपल्या नेहमींच्या समेकडे निघालेला असतो आणि कोणीतरी मानगुटीस धरून त्याला पुढें ओढतें. ऐकणाराच बाहुली होतो, आणि दोरी कोणाच्या हातीं आहे हें त्याला कळेपर्यंत पुढचें आवर्तन सुरू झालेलें असतें.

आणि दोरी कोणाच्या हातीं आहे? सूनबाईंनीं वाचलें तें खरें होतें. गाणें मादक द्रव्याविषयींच आहे. परंतु मुलाबरोबर बसून आम्हीं शब्द वाचले तेव्हां उमगलें कीं, येथें व्यसनी माणूस व्यसनाची थोरवी गात नाहीं. येथें खुद्द व्यसनच बोलतें. तें आपल्या भक्ताला सांगतें कीं, तुझा मालक मी, तुझें आयुष्य मी जाळीत नेणार, आणि तूं मात्र मलाच हांका मारीत राहशील. व्यसनाच्या निषेधाचीं पुष्कळ कीर्तनें व व्याख्यानें आम्हीं ऐकलीं. परंतु व्यसनाला स्वतःच्या तोंडानें इतकें निर्लज्ज खरें बोलावयास लावलेलें आम्हीं क्वचितच पाहिलें. अकरावींतल्या मुलानें हें ऐकूं नये असें आतां आम्हांस वाटत नाहीं. त्यानें तें शब्द समजून ऐकावें, इतकेंच वाटतें.

साडेतीन मिनिटांच्या सुमारास हें वादळ एकाएकीं थांबतें. लय निम्म्यावर येते, विद्रूप नाद नाहींसा होतो, आणि स्वच्छ तारांवर सुटे सुटे स्वर हळूहळू ठिबकूं लागतात. त्यांवर दोन गिटारी हातांत हात घालून, एक वरच्या व एक खालच्या स्वरानें, एक उदास चाल गातात, आणि मग हेटफील्ड स्वतः एक लहानसें एकल वादन करतो. त्यांत चपळाईचा लवलेश नाहीं. केवळ करुण आहे. नशेंतलें तें खोटें सुख आहे कीं हरवलेल्या माणसाला आठवलेलें आपलें जुनें घर आहे, हें रचना सांगत नाहीं. थोड्याच वेळांत जड पावलें पुन्हा वाजूं लागतात, हॅमेटची गिटार किंचाळत वर चढते, पहिला ठेका परत येतो, आणि अखेरीस सूत्रधाराचें विकट हास्य ऐकूं येऊन गाणें संपतें. रौद्राच्या मध्यभागीं करुण ठेवल्याशिवाय रौद्राला खोली येत नाहीं, हें ज्याला कळलें त्याला अशिक्षित म्हणण्याचें धाडस आम्हांला होत नाहीं.

‘सूत्रधार’ हा शब्द आम्हीं सहज वापरला नाहीं. आपल्या नाटकाच्या आरंभीं येणारा सूत्रधार हा मूळचा बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा असावा, असें मत कांहीं पंडितांनीं मांडलेलें आहे. या ध्वनिमुद्रिकेचा सगळा विषय हाच : माणसाच्या दोऱ्या कोण धरतो? वेष्टनावरील चित्रांत तांबड्या आकाशाखालीं पांढऱ्या क्रुसांचें स्मशान आहे, आणि त्या क्रुसांना बांधलेल्या दोऱ्या वर दोन हातांकडे गेलेल्या आहेत. आंतील गाणीं ओळीनें ऐकलीं म्हणजे ते हात निरनिराळ्या रूपांनीं पुढें येतात. ‘वेलकम होम’ या चौथ्या गाण्यांत वेड्यांच्या इस्पितळांतला एक रोगी बोलतो. केन केसी याच्या १९६२ च्या कादंबरीची व तिच्यावरील १९७५ च्या चित्रपटाची ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ ही कथा तिच्या मागें आहे. त्याला बरें करणारेच त्याला कोंडतात. गाण्याची मांडणीहि तशीच : आरंभ मंद व स्वच्छ, प्रत्येक कडव्यानंतर दाब थोडा वाढतो, आणि अखेर बंड होतें. पांचवें गाणें ‘डिस्पोजेबल हीरोज’, म्हणजे वापरून फेकून देण्याचे वीर. त्यांत कोवळ्या शिपायाचा व त्याला पुन्हा आघाडीवर धाडणाऱ्या अधिकाऱ्याचा असे दोन आवाज एकाच गायकाच्या तोंडीं आहेत, आणि मागें बंदुकीच्या फैरींसारखा गिटारींचा मारा चालू आहे. सहावें ‘लेपर मसाया’ हें दूरचित्रवाणीवरून पापक्षालनाच्या नांवाखालीं पैसे उकळणाऱ्या अमेरिकन धर्मोपदेशकांवर आहे. धर्माचा बाजार कोणत्याहि देशांत भरतो, हें आपल्या वाचकांस सांगण्याची जरूर नाहीं. व्यसन, इस्पितळ, सैन्य, ढोंगी धर्मगुरु. सूत्रधार बदलतो, दोरी तीच. आठ गाण्यांची ही केवळ मोट नसून एकाच विचाराचा विस्तार आहे.

गाण्यांचा अनुक्रमहि विचारपूर्वक लावलेला दिसतो. पहिलें गाणें ‘बॅटरी’, म्हणजे मारझोड. पण त्याचा आरंभ अनेक साध्या गिटारींच्या गोड, गंभीर मेळानें होतो, मग तीच चाल विजेच्या गिटारींवर अवाढव्य होऊन येते, आणि त्यानंतर झडप पडते. शेवटचें ‘डॅमेज इन्कॉर्पोरेटेड’, म्हणजे ‘विध्वंस आणि मंडळी’, हेंहि तसेंच धुक्यांतून उगवल्यासारख्या मंद स्वरांनीं सुरू होतें. तिसरें गाणें ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ हें लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या समुद्रतळींच्या राक्षसकथांवर रचलेलें आहे. त्यासाठीं गिटारीच्या सर्व तारा एक पूर्ण स्वर खालीं उतरवल्या आहेत आणि लय संथ केली आहे. दोन वेगवान गाण्यांनंतर असा जडपणा आणल्यानें वेगाची किंमत कळते. भोजनांत एकामागून एक तिखट पदार्थ वाढणें हें सुगरणीचें लक्षण नव्हे, हें येथें ओळखलेलें आहे.

या रचना १९८५ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत तयार झाल्या, आणि त्याच वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें ‘स्वीट सायलेन्स’ या ध्वनिमुद्रणगृहांत, फ्लेमिंग रासमुसेन याच्या साहाय्यानें त्यांचें मुद्रण झालें. चार महिने! हेटफील्डनें तालाच्या गिटारीचे थर एकावर एक असे स्वतःच वाजवून बसवले आहेत. एकच चाल पुन्हा वाजवतांना केसाएवढाहि फरक पडला तर दोन थर एकमेकांशीं भांडूं लागतात. येथें ते एका प्रचंड वाद्यासारखे बोलतात. हा संगीतप्रकार माथेफिरूंचा आहे असें म्हणणाऱ्यानें हें एकच काम करून पाहावें.

आतां क्लिफ बर्टनविषयीं. त्याचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ रोजीं कॅलिफोर्नियांतील कॅस्ट्रो व्हॅलीजवळच्या प्रांतांत झाला. लहानपणीं त्यानें पियानोचे धडे घेतले. तो तेरा वर्षांचा असतांना त्याचा थोरला भाऊ वारला, आणि त्यानंतर त्यानें बास हातीं घेऊन जिवापाड मेहनत केली. बाखच्या संगीतावर त्याची भक्ति होती आणि शास्त्रोक्त रचनेचें ज्ञान त्यानें आपल्या सोबत्यांनाहि दिलें. इतर चळवळ्या मुलांना जलद वाजवण्याचा नाद. ह्याला स्वरांच्या जोड्या कशा लावाव्यात याचा. दोन गिटारींनीं हातांत हात घालून गाण्याची जी रीत वर सांगितली तिच्यामागें त्याचा हात होता. ‘डॅमेज इन्कॉर्पोरेटेड’च्या आरंभींचे धुक्यासारखे स्वर हे बासचेच आहेत, आणि ते बाखच्या मृत्यूला गोड म्हणून बोलावणाऱ्या एका भक्तिगीतावर आधारलेले आहेत असें सांगतात.

परंतु त्याचें खरें स्मारक म्हणजे सातवी रचना ‘ओरायन’, म्हणजे मृगनक्षत्र. हिच्यांत शब्द नाहींत. साडेआठ मिनिटें केवळ वाद्यें. दुरून, अगदीं मंद, बासचे थर जवळ येत जातात; मग गिटारींची घोडदौड होते; आणि मध्यावर सारें थांबून बास एकटी एक संथ, डोलणारी चाल सुरू करते. तिच्यावर एकेक गिटार येऊन बसते आणि आकाशांत एकेक तारा उगवत जावा तसा मेळ भरत जातो. ज्या वाद्याचें काम भिंतीमागच्या पायाप्रमाणें अदृश्य राहण्याचें, त्यालाच येथें गायकाची जागा दिलेली आहे. आमच्या घरांत ही चाल चालू असतां सूनबाई हातांतली परात तशीच धरून दारांत उभ्या राहिल्या आणि “हें त्यांचेंच आहे?” असें त्यांनीं विचारलें. त्यांचेंच होतें.

ही ध्वनिमुद्रिका बाहेर पडून सात महिनेहि झाले नव्हते. वाद्यवृंद युरोपांत दौऱ्यावर होता. २६ सप्टेंबर १९८६ रोजीं स्टॉकहोम येथील कार्यक्रम आटोपून तो रात्रीं बसनें कोपनहेगनकडे निघाला. निजण्याची एक जागा कोणी घ्यावी यासाठीं बर्टन व हॅमेट यांनीं पत्ते ओढले आणि बर्टनला हुकुमाचा एक्का आला. २७ तारखेच्या पहाटे स्वीडनच्या दक्षिण भागांत ती बस रस्त्यावरून घसरून उलटली. बर्टन खिडकींतून बाहेर फेकला जाऊन जागींच ठार झाला. वय चोवीस. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं ‘ओरायन’ वाजविण्यांत आलें. त्यानंतर ती रचना सबंध अशी रंगमंचावर वाजविण्यास उरलेल्या मंडळींना २००६ साल उजाडावें लागलें. हें कळल्यावर ती चाल पुन्हा ऐकतांना आमचें मन स्थिर राहिलें नाहीं.

दोष नाहींत असें नव्हे. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. हेटफील्डचा कंठ या काळांत बहुधा एकाच उंचीवरून बोलतो. मींड, आलाप, स्वराचा लडिवाळपणा यांची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होईल. शब्द कांहीं ठिकाणीं यमकाच्या ओढीनें अवघडलेले आहेत. सहाव्या गाण्याचा उपरोध पहिल्या पांच गाण्यांच्या मानानें उघडा आहे. ज्या बासची आम्हीं एवढी स्तुति केली ती वेगवान गाण्यांत गिटारींच्या भिंतीखालीं पुष्कळदां गाडली जाते. आणि पंचावन्न मिनिटें हा रस एका बैठकींत घेणें वयस्क माणसाला जड जातें. आम्हीं रोज दोन रचना याप्रमाणें चार दिवसांत ऐकली. परंतु हे दोष कौशल्याच्या अभावाचे नसून प्रकृतीचे आहेत.

लोकांनीं हिला कसें स्वीकारलें तेंहि पाहण्यासारखें आहे. रेडिओनें हीं गाणीं फारशीं लावलीं नाहींत, आणि एकाहि गाण्याचें चित्रमुद्रण प्रसिद्धीसाठीं काढलेलें नव्हतें. तरी केवळ दौऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या तोंडोतोंडीं झालेल्या कीर्तीवर त्याच वर्षाअखेर पांच लाख प्रतींबद्दलचा सुवर्ण-सन्मान तिला मिळाला. पुढें २०१६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें राष्ट्राच्या जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहांत तिची नोंद केली. तो मान मिळविणारी मेटल संगीताची ही पहिली ध्वनिमुद्रिका. २०२२ सालीं ‘स्ट्रेंजर थिंग्स’ या चित्रमालिकेंत मुख्य गाणें वाजलें आणि तें तयार झालें तेव्हां जन्मालाहि न आलेलीं लक्षावधि मुलें तें ऐकूं लागलीं. आमच्या घरीं हा पाहुणा त्याच दारानें आला.

एक गोष्ट मात्र आम्हांस या सर्व सन्मानांहून मोठी वाटली. बर्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या वांट्याचें जें मानधन येत राहिलें तें त्याचे वडील, ते हयात असेतोंवर, कॅस्ट्रो व्हॅलींतील ज्या शाळेंत मुलगा शिकला त्या शाळेंतील संगीताच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ति म्हणून देत असत. बापानें मुलाचें वाद्य दुसऱ्यांच्या मुलांच्या हातीं दिलें. शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसाला याहून अधिक कांहीं सांगावें लागत नाहीं.

आमच्या हुकुमाचें काय झालें, असें वाचक विचारतील. तो आम्हीं परत घेतला, आणि सर्वांच्या देखत घेतला, कारण दिला होता तोहि सर्वांच्या देखतच. त्याऐवजीं दोन नियम केले. दिवेलागणीनंतर मोठ्यानें लावावयाचें नाहीं, कारण घरांत म्हातारीं माणसें व लहान मुलें आहेत. आणि जें गाणें लावावयाचें त्याचा अर्थ विचारल्यास सांगतां आला पाहिजे. दुसरा नियम मुलाला इतका आवडला कीं, तो आतां आमच्या भजनांनाहि लावतो, आणि दोनदां त्यानें आम्हांला निरुत्तर केलें आहे.

मात्रा आम्ही अजून मोजतों. चौथें आवर्तन दहांतून सहा वेळां साधतें. उरलेल्या चार वेळां कोणीतरी दोरी ओढून आम्हांला पुढें नेतें, आणि मुलगा तोंड फिरवून हंसतो.